स्प्रेडशीट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न आणि एकदाच दिलेली उत्तरं

कचेरीत एखाद्याला फॉर्म्युला लिहिता येतो हे कळलं की त्याच्या टेबलाभोवती रांग लागते. रांगेतले प्रश्न वर्षानुवर्षं तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. आधी वाचा, मग विचारा. वाचूनही विचारायचं असेल तर फाइल उघडी ठेवून विचारा. "काहीतरी लाल आलं होतं, पण मी बंद केलं" एवढ्यावर निदान करण्याची विद्या कुणाकडेच नाही.

उत्तरं एक्सेल डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. गूगल शीट्स आणि लिबरऑफिस कॅल्क वापरणाऱ्यांनी खूश होण्याचं कारण नाही. थोड्याफार फरकाने त्यांच्याकडेही हेच चालतं, फक्त मेनू दुसऱ्या जागी असतो.

सेलमध्ये आकड्याऐवजी ##### असं दिसतंय. फाइलला व्हायरस लागला का?

लागला. त्याचं नाव अरुंद कॉलम. कॉलमच्या डोक्यावर दोन अक्षरांच्या मधली रेघ शोधा, तिच्यावर डबल क्लिक करा, रोगी बरा होईल. आकडा मावत नसताना त्याचा मावेल तेवढाच तुकडा दाखवण्यापेक्षा काहीच न दाखवणं हा प्रोग्रामचा सभ्यपणा आहे. १२,५०,००० मधली शेवटची तीन शून्यं कापून दाखवली असती तर तुम्ही ते तसंच छापून वरच्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं असतं.

रुंद करूनही खुणा जात नसतील तर तिथे ऋण तारीख आहे. म्हणजे तुम्ही मोठी तारीख लहान तारखेतून वजा केलीत आणि वर उत्तरही तारखेच्याच रूपात मागितलंत. १९०० सालाच्या आधीची तारीख एक्सेलला दाखवता येत नाही.

१९०० च्या आधी काळ नव्हता का?

होता, पण हिशेबात नव्हता. एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे निव्वळ एक क्रमांक. १ जानेवारी १९०० हा दिवस क्रमांक १, पुढे रोज एक वाढवायचा. त्यामुळेच "तारखेच्या जागी ४५००० कुठून आलं?" हा प्रश्न दर आठवड्याला कुणीतरी घाबऱ्या आवाजात विचारतं. ४५००० म्हणजे १५ मार्च २०२३. सेलचं फॉरमॅट 'डेट' करा, तारीख परत येईल. ती कुठे गेलीच नव्हती.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. या मोजणीत ६० क्रमांकाचा दिवस आहे २९ फेब्रुवारी १९००, आणि असा दिवस कधी उगवलाच नाही. शतकाचं वर्ष लीप ठरायला त्याला ४०० ने भाग जावा लागतो, १९०० ला तो जात नाही. ही चूक लोटस १-२-३ या एक्सेलच्या आधीच्या स्प्रेडशीट प्रोग्राममध्ये होती. लोटसच्या फाइली एक्सेलमध्ये बिनबोभाट उघडाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने ती जाणूनबुजून उचलली आणि अजून सांभाळली आहे. परिणामी जानेवारी-फेब्रुवारी १९०० चे वार एक्सेल एका दिवसाने चुकीचे सांगतं. तुमच्या पणजोबांचा जन्म त्या दोन महिन्यांतला असेल तर तक्रारीला जागा आहे. बाकीच्यांनी कामाला लागावं.

मी ३/४ लिहिलं, मला पाऊण हवा होता. याने तारीख केली. मला विचारलं का नाही?

तुम्ही तरी त्याला कुठे सांगितलंत? पाऊण हवा असेल तर आधी ०, मग मोकळी जागा, मग ३/४ लिहा. जसंच्या तसं ३/४ हवं असेल तर सुरुवातीला एकेरी अवतरणचिन्ह द्या किंवा लिहिण्याआधी सेलचं फॉरमॅट 'टेक्स्ट' करा. आधी. तारीख होऊन गेल्यावर टेक्स्ट केलंत तर पुन्हा तसलाच पाच आकडी क्रमांक दिसेल आणि तुम्ही पुन्हा वरचा प्रश्न विचाराल.

या खोडीपुढे तुम्ही एकटेच हरलेले नाही. माणसाच्या काही जनुकांची नावं मार्च१, सेप्ट२ अशी होती. एक्सेलमध्ये टाकली की त्यांची १ मार्च आणि २ सप्टेंबर होत असे. २०१६ मध्ये काही संशोधकांनी जनुकांच्या याद्या एक्सेल फाइलमध्ये जोडलेले शोधनिबंध तपासले, तर सुमारे पाचातल्या एका निबंधात असल्या चुका सापडल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने हात टेकले आणि नावंच बदलली: मार्च१ चं मार्चएफ१ झालं, सेप्ट२ चं सेप्टिन२. प्रोग्रामची खोड जाईना म्हणून जनुकांचं बारसं पुन्हा करावं लागलं. हे आपोआप होणारं रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ साली आली. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

फोन नंबरच्या सुरुवातीचं शून्य एक्सेल खाऊन टाकतं.

कारण तुम्ही त्याला संख्या दिलीत, आणि संख्येच्या डावीकडच्या शून्याला किंमत नसते हे तिसरीच्या पुस्तकात आहे. साधी कसोटी सांगतो: ज्या आकड्याची तुम्ही कधीच बेरीज करणार नाही, ती संख्या नव्हे, ते नाव आहे. फोन नंबर, खाते क्रमांक, पिन कोड, हजेरी क्रमांक ही सगळी नावं. त्यांना टेक्स्ट म्हणून ठेवा. दोन फोन नंबरांची सरासरी काढून कुणाला फोन लागल्याचं ऐकिवात नाही.

कार्डाचा १६ आकडी नंबर टाकला तर शेवटचा आकडा ० होतो. हा घोटाळा आहे का?

नाही, ही मर्यादा आहे. एक्सेल संख्येचे १५ आकडे धरतं, सोळाव्यापासून पुढे शून्य. लांब संख्या १.२३ई+१५ अशी दिसायला लागली की समजावं, आता आपला नंबर विज्ञानाच्या ताब्यात गेला. आणि गेलेला आकडा टेक्स्ट करून परत येत नाही, मूळ कागदावरून पुन्हा टाकावा लागतो. मूळ कागद नसेल तर हा प्रश्न एक्सेलचा उरत नाही. तसंही लोकांचे कार्ड नंबर तुम्ही शीटमध्ये का साठवताय, यावर वेगळं पान लिहावं लागेल.

बेरीज बरोबर आहे ना, हे कॅल्क्युलेटरवर तपासून घेऊ का?

अवश्य घ्या. मग कॅल्क्युलेटर बरोबर आहे ना, हे बोटांवर तपासा.

काही मंडळी याच्याही पुढे गेलेली आहेत. ती बेरीज कॅल्क्युलेटरवर करतात आणि उत्तर सेलमध्ये टाइप करतात. मग वरचा एखादा आकडा बदलला की खालची बेरीज ढिम्म हलत नाही आणि "एक्सेल चुकलं" अशी बोंब होते. एक आकडा बदलल्यावर त्यावर अवलंबून असलेले सगळे आपोआप बदलावेत, एवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप झाला. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीट १९७९ मध्ये अ‍ॅपल टू संगणकावर आलं, लोटस १-२-३ आलं १९८३ मध्ये, एक्सेल १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर. इतक्या लोकांची इतक्या वर्षांची मेहनत तुम्ही रेघा मारलेला कागद म्हणून वापरताय. कागद स्वस्त पडतो, आणि वीज गेली तरी चालतो.

फॉर्म्युला लिहिला तर उत्तर येत नाही, फॉर्म्युलाच दिसत राहतो.

तीन शक्यता. सुरुवातीचं बरोबरचं चिन्ह विसरलात. किंवा सेलचं फॉरमॅट आधीपासून टेक्स्ट आहे (फोन नंबरचा उपदेश तुम्ही अख्ख्या शीटला लावलात, धन्यवाद). किंवा सगळ्याच सेलमध्ये फॉर्म्युले दिसत असतील तर 'शो फॉर्म्युलाज' चुकून दाबलं गेलंय, ते पुन्हा दाबा.

फॉर्म्युला बरोबर आहे, आकडे बदलले, तरी उत्तर जुनंच.

फॉर्म्युलाज टॅबमध्ये 'कॅल्क्युलेशन ऑप्शन्स' बघा. ते मॅन्युअलवर असणार, म्हणजे सांगितल्याशिवाय पुन्हा मोजायचं नाही. तुम्ही हात लावला नाही, मान्य. पण एक्सेल सुरू करताना जी फाइल पहिली उघडता, तिची सेटिंग पुढे उघडणाऱ्या सगळ्या फाइलींना लागू होते. त्यामुळे दुसऱ्याच कुणीतरी जड फाइल हलकी व्हावी म्हणून केलेला उद्योग तुमच्या महिनाअखेरीच्या तक्त्यावर येऊन बसतो. एफ९ दाबा, मग ऑटोमॅटिक करा, मग त्या कुणाला तरी शोधा.

फॉर्म्युल्यात $ चिन्ह का? आमचा व्यवहार डॉलरमध्ये नाही.

एक्सेललाही कुठल्या देशाच्या चलनात रस नाही. $ म्हणजे खिळा. फॉर्म्युला खाली ओढला की त्यातले सेलचे पत्तेही एकेक ओळ खाली सरकतात. जो पत्ता सरकायला नको, त्याला $ लावून ठोकून ठेवायचं. $बी$२ म्हणजे कॉलमही हलणार नाही, ओळही नाही. बी$२ म्हणजे फक्त ओळ जागेवर. पत्त्यावर कर्सर ठेवून एफ४ दाबत राहा, चारही प्रकार पाळीपाळीने येतील.

हे माहीत नसलेला माणूस पहिल्या ओळीचं उत्तर तपासतो, खूश होतो, फॉर्म्युला पाचशे ओळी खाली ओढतो आणि घरी जातो.

माझं व्हीलुकअप कधी बरोबर उत्तर देतं, कधी चुकीचं. त्याचा मूड असतो का?

मूड तुमचा असतो. शेवटचा खाना भरायचा कंटाळा येतो, इतकंच.

व्हीलुकअपला चार गोष्टी लागतात: काय शोधायचं, कुठे शोधायचं, कितव्या कॉलममधलं उत्तर आणायचं आणि तंतोतंत जुळायला हवं की जवळपासचं चालेल. चौथी गोष्ट रिकामी सोडली की एक्सेल 'जवळपासचं चालेल' असं धरून चालतं. या पद्धतीत यादी चढत्या क्रमाने लावलेली असावी लागते. तुमची यादी कुणीतरी सुचेल तशी भरलेली असते, त्यामुळे शोध भलतीकडेच जाऊन थांबतो आणि जे हाताला लागेल ते उत्तर म्हणून आणून देतो. चूक आली असती तर तुम्हाला कळलं तरी असतं, इथे व्यवस्थित दिसणारा परका आकडा येतो. म्हणून शेवटी फॉल्स (म्हणजे तंतोतंतच हवं) लिहा. नेहमी. 'ट्रू' कधी लिहायचं हे ज्यांना खरंच कळतं ते हे पान वाचत नाहीत.

फॉल्स लिहिल्यावर #एन/ए (म्हणजे 'सापडलं नाही') येतंय? अभिनंदन, आता तो खरं बोलायला लागला. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी त्याला सारख्या वाटत नाहीत, आणि त्याचंच बरोबर आहे. एका नावामागे कुणीतरी स्पेस ठोकून ठेवलेली असते, ती काढणारं ट्रिम फंक्शन वापरा. वेबवरून डकवलेल्या मजकुरात न तुटणारी स्पेस असते, तिला ट्रिम ओळखत नाही, ती शोधून बदलावी लागते. आणि एकीकडे १०१ ही संख्या तर दुसरीकडे १०१ हे टेक्स्ट, हा तर रोजचा खेळ. सेलच्या कोपऱ्यातला हिरवा त्रिकोण शोभेसाठी नसतो.

"उत्तर डावीकडच्या कॉलममध्ये आहे, ते का आणत नाही?" कारण व्हीलुकअपला उजवीकडेच जाता येतं. मधे कुणी नवा कॉलम घातला की कितवा कॉलम हेही चुकतं. इंडेक्स आणि मॅच ही जोडी दोन्ही अडचणी सोडवते. नव्या आवृत्त्यांत एक्सलुकअप आहे, ते दोन्ही बाजूंना बघतं आणि न सांगता तंतोतंतच शोधतं. तुमच्याकडे नवी आवृत्ती असेल तर व्हीलुकअपचा हट्ट का धरताय? मुलाखतीत विचारतात म्हणून?

सरासरी फुगलेली येतेय.

रिकामे सेल सरासरीत धरले जात नाहीत, शून्य धरलं जातं. जे आलेच नाहीत त्यांना रिकामं सोडायचं, आणि आले पण काहीच केलं नाही त्यांना शून्य द्यायचं. हा फरक तुमच्या मनात पक्का नसेल तर तो एक्सेलच्या मनात कुठून यावा? आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही.

#डिव्ह/०! दिसायला वाईट दिसतं. काढता येईल का? साहेबांना मीटिंगमध्ये दाखवायचंय.

येईल. इफएररमध्ये गुंडाळा आणि चुकीच्या जागी रिकामं किंवा शून्य दाखवा. सगळं कसं स्वच्छ, चकचकीत. फक्त आता शून्याने भागलं गेलं, नाव सापडलं नाही, फॉर्म्युल्याचं स्पेलिंग चुकलं आणि कुणीतरी अख्खा कॉलम उडवला, या चारही गोष्टी सारख्याच दिसतील. म्हणजे दिसणारच नाहीत.

भागाकारापुरतंच करायचं असेल तर इफ लावून भाजक शून्य आहे का तेवढंच तपासा. नाव सापडलं नाही एवढंच झाकायचं असेल तर इफएनए वापरा. आणि #रेफ! दिसलं तर झाकू नका: फॉर्म्युला ज्या सेलवर उभा होता तो सेल कुणीतरी पुसला नाही, मुळासकट डिलीट केलाय. कंट्रोल झेड दाबा, फाइल बंद करायच्या आत.

मी महत्त्वाचे आकडे लाल, झालेले हिरवे आणि शंकास्पद पिवळे रंगवलेत. आता फक्त पिवळ्यांची बेरीज हवी.

रंग तुम्हाला दिसतो, फॉर्म्युल्याला दिसत नाही. बेरीज करणाऱ्या नेहमीच्या कुठल्याही फंक्शनला सेलचा रंग विचारता येत नाही. आजच्यापुरती पळवाट आहे: रंगावर फिल्टर लावा आणि सबटोटल वापरा, ते फिल्टरने लपवलेल्या ओळी सोडून बेरीज करतं. उद्यापासून मात्र शेजारी 'स्थिती' नावाचा कॉलम करा, त्यात 'झालं', 'शंका' असं लिहा आणि समइफ लावा, ते अट जुळेल त्यांचीच बेरीज करतं. रंग हवाच असेल तर त्या कॉलमवरून कंडिशनल फॉरमॅटिंगने आपोआप येऊ द्या.

आणि हो, फिकट पिवळा आणि त्याहून किंचित फिकट पिवळा यांत काय फरक आहे हे तुमच्यानंतर फाइल उघडणाऱ्याला कधीच कळणार नाही.

मर्ज केल्यामुळे तक्ता किती छान दिसतो! मग सॉर्ट का होत नाही?

छान दिसतो म्हणूनच. मर्ज केल्यावर पाच सेलच्या जागेत एकच सेल उरतो, डावीकडचा वरचा, आणि बाकीच्यांतला मजकूर जातो. प्रोग्राम हे करण्याआधी इशारा देतो, तुम्ही तो न वाचता ओके म्हणता. मग सॉर्ट अडतं, फिल्टर अर्धवट चालतं, एक कॉलम निवडायला गेलं की तीन निवडले जातात. शीर्षक मधोमध हवं असेल तर फॉरमॅट सेल्समध्ये अलाइनमेंटखाली 'सेंटर अक्रॉस सिलेक्शन' आहे. दिसायला हुबेहूब तसंच, सेल शाबूत. ही सोय इतकी वर्षं तिथे आहे आणि तिला कुणी विचारत नाही, कारण मर्जचं बटण मोठं आहे.

फक्त गुणांचा कॉलम सॉर्ट केला. आता नापास मुलगा पहिला आलाय.

त्याचं अभिनंदन करा. एक्सेलने तेव्हा विचारलं होतं: निवड वाढवायची की एवढाच कॉलम? तुम्ही 'एवढाच' म्हणालात. सेव्ह केलेलं नसेल तर कंट्रोल झेड. सेव्ह करून बंद केलं असेल तर कालची प्रत शोधा. कालची प्रत नसेल तर नवी गुणवत्ता यादी स्वीकारा.

बाणाची बटणं दाबली की निवड हलत नाही, पूर्ण शीटच सरकतं.

स्क्रोल लॉक. हे बटण आजही कामाला येतं अशा मोजक्या जागांपैकी ही एक.

०.५ मधून ०.४ आणि ०.१ वजा केले तर शून्य यायला हवं. एका फॉर्म्युल्यात मला -२.७८ई-१७ (शून्याहून कणभर कमी) मिळालं. संगणकाला वजाबाकी येत नाही?

वजाबाकी येते, ०.१ येत नाही. संगणक संख्या द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत ठेवतो आणि त्या पद्धतीत ०.१ कधीच नेमका लिहून संपत नाही, जसा आपल्या दशांशात एक तृतीयांश संपत नाही. कुठेतरी कापावाच लागतो, आणि कापलेला तो कण असा कधीतरी वर येतो. हे आयईईई ७५४ नावाच्या मानकानुसार चालतं आणि जवळपास सगळेच प्रोग्राम ते पाळतात. त्यामुळे दोन दशांश संख्या बरोबर आहेत का हे थेट तपासू नका, आधी राउंड करा.

तुमची नेहमीची तक्रार मात्र या कुळातली नाही. "वरचे आकडे जोडले तर खालच्या बेरजेशी ०.०१ चा फरक येतो" यात द्विमान पद्धतीचा काही दोष नाही. तुम्ही दोन दशांश दाखवा म्हणालात, त्याने दाखवले. आत मात्र २.३३३३ तसाच आहे आणि बेरीज त्याचीच होते. दाखवणं वेगळं, राउंड करणं वेगळं.

-२ चा वर्ग ४ की -४?

एक्सेलमध्ये =-२^२ लिहिलं तर ४ येतं. गणिताच्या वहीत -४ येतं. एक्सेल ऋण चिन्ह आधी धरतं, घात नंतर. पण =०-२^२ लिहिलं तर -४. कंस लिहायला पैसे पडत नाहीत.

'सर्क्युलर रेफरन्स' असं काहीतरी येतं, मी ओके करून पुढे जातो.

छान करता. तुमच्या बेरजेच्या फॉर्म्युल्यात बेरजेचा स्वतःचाच सेल आलाय. बी२० मध्ये बसून बी२ ते बी२० ची बेरीज मागितलीत, म्हणजे उत्तर काढायला आधी उत्तर हवं. प्रोग्राम ० दाखवून गप्प बसतो. कुणीतरी 'इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन' चालू करा असा सल्ला देईल. मग इशारा येणं बंद होईल, प्रोग्राम ठरल्याप्रमाणे १०० वेळा गोल फिरेल आणि दर वेळी वेगळाच आकडा आणून देईल. तो सल्ला देणाऱ्याला बी१९ लिहायला सुचलं नाही.

शीटला पासवर्ड लावलाय, पगाराचे आकडे लपवलेल्या शीटमध्ये आहेत. आता सुरक्षित ना?

लपवलेलं शीट परत दाखवायला टॅबवर राइट क्लिक पुरतो. 'प्रोटेक्ट शीट' हे चुकून कुणाचा हात लागू नये म्हणून आहे, जाणूनबुजून हात घालणाऱ्यासाठी नाही. ते काढायच्या युक्त्या सर्वांना ठाऊक आहेत. फाइल उघडतानाच पासवर्ड विचारला जाईल अशी सोय वेगळी आहे, तिथे फाइल खरोखर कूटबद्ध होते. आणि सर्वांत भक्कम उपाय म्हणजे ज्यांनी पगार बघू नयेत त्यांना ती फाइल न पाठवणं.

दहा लाख ओळींच्या पुढे जाता येत नाही का? आमचा सगळा डेटाबेस एक्सेलमध्ये आहे.

नेमक्या १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ कॉलम. जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ ओळी आणि २५६ कॉलमच. "तुमचा डेटाबेस एक्सेलमध्ये आहे" या वाक्यातला पहिला अर्धा भाग खोटा आहे, हे तुम्हाला मर्यादा गाठल्यावर कळेल. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याला ते कळलं. प्रयोगशाळांकडून आलेले कोविड चाचण्यांचे निकाल जुन्या एक्सएलएस साच्यात ओढले जात होते. फाइल भरली, उरलेल्या ओळी गळाल्या, आणि १५,८४१ बाधितांची नोंद रोजच्या आकड्यांत आलीच नाही. त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध तितके दिवस रखडला. फाइलच्या नावाच्या शेपटाला एक्सएलएस आहे की एक्सएलएसएक्स, ते एक अक्षर कुणी बघितलं नव्हतं.

चूक माझी नाही, एक्सेलची आहे, हे वरिष्ठांना कसं पटवू?

मोठ्या माणसांची उदाहरणं द्या, वजन पडतं. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर निबंध लिहिला, काटकसरीच्या बाजूने बोलणाऱ्या राजकारण्यांनी तो उचलून धरला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची शीट मागवून घेतली, तर सरासरीच्या फॉर्म्युल्यातून शेवटचे पाच देश सुटले होते. आक्षेप आणखीही होते आणि त्यांवर बराच वाद झाला, पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या सुटलेल्या पाच ओळी. जेपी मॉर्गन बँकेला २०१२ मध्ये लंडनच्या एका व्यवहारात सहा अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. तिच्या चौकशीत निघालं की जोखीम मोजणारं मॉडेल हाताने कॉपी-पेस्ट होणाऱ्या शीट्सवर चाललं होतं आणि एके ठिकाणी सरासरीने भागायच्या ऐवजी बेरजेने भागलं होतं. जोखीम होती त्यापेक्षा कमी दिसत राहिली.

आता अडचण अशी की दोन्हीकडे एक्सेलने सांगितलं तेच, तसंच, तेवढंच केलं होतं. वरिष्ठांनी हे पान वाचलेलं नसेल अशी आशा ठेवा.

फाइलचं नाव 'फायनल_नवी_खरी फायनल_२' ठेवलं तर चालेल?

चालेल, 'खरी फायनल_३' येईपर्यंत. नावात तारीख टाका, वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने, म्हणजे फाइली आपोआप ओळीने लागतात.

शीटला 'हिस्टरी' नाव देऊ देत नाही.

इंग्रजी एक्सेलने ते नाव बदलांच्या नोंदीसाठी राखून ठेवलंय. नाव ३१ अक्षरांत बसेल असं दुसरं काहीही ठेवा.

सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं. रंग, फॉर्म्युले आणि बाकीची शीट्स कुठे गेली?

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. त्यात एकच शीट मावतं आणि फॉर्म्युल्यांची फक्त उत्तरं. प्रोग्रामने 'काही गोष्टी जाऊ शकतात' असं सांगितलं होतं. तुम्ही मर्जच्या वेळी जे केलंत तेच इथेही केलंत.

एक्सेलमध्ये अर्जाचा नमुना आणि दोन पानी पत्र टाइप केलंय. छापताना उजवी बाजू दुसऱ्या पानावर जाते.

एका सेलमध्ये ३२,७६७ अक्षरं मावतात हे खरं, पण तो पराक्रम करून दाखवा असं कुणी म्हटलेलं नाही. पेज लेआउटमध्ये रुंदी 'एक पान' करा. पुढच्या वेळी मजकुरासाठी वर्ड प्रोसेसर उघडा, तो त्याच मेनूत दोन चिन्हं सोडून असतो.

फाइल नुसती उघडून बघितली. बंद करताना विचारतं, बदल सेव्ह करायचे का? मी काहीच बदललं नाही!

तुम्ही नाही बदललं, टुडेने बदललं. टुडे, नाऊ, रँड, ऑफसेट, इनडायरेक्ट अशी काही फंक्शन्स फाइल उघडली की पुन्हा मोजली जातात, मग उत्तर तेच येवो वा वेगळं. जुन्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल नव्या आवृत्तीत उघडली तरी अख्खी पुन्हा मोजली जाते आणि हाच प्रश्न येतो. नुसतं बघायलाच आला असाल तर 'सेव्ह करू नका' म्हणा. दोन तास आकडे भरून सवयीने तेच बटण दाबलंत, तर फाइल मेनूतल्या इन्फोमध्ये 'मॅनेज वर्कबुक' बघा. ऑटोरिकव्हर चालू असेल तर तिथे न सेव्ह झालेली प्रत काही दिवस पडून असते. ते मूळ सेटिंगप्रमाणे दर १० मिनिटांनी नोंद ठेवतं, तेव्हा शेवटची नऊ मिनिटं पुन्हा टाइप करायची तयारी ठेवा.